केस, डीकोड, आयआयएफ: एकच अट सगळ्या डेटाबेसांत नीट चालवायची कशी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हिशेबाची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला एकाच डेटाबेसवर पोट भरता येत नाही. रविवार पेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानात ॲक्सेसची फाइल अजून चालू असते, शेजारच्या दुकानात मायएसक्यूएल असतं. उद्यमबागेतल्या कारखान्यात ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर, आणि नव्या पोरांनी बांधलेल्या मोबाइल ॲपच्या पोटात एसक्यूलाइट. मालक मात्र सगळीकडे एकच सांगतो: "गिऱ्हाईक कर्नाटकातलं असलं तर हा कर लावा, चंदगड-कोल्हापूरचं असलं तर तो लावा. एवढीच अट हाय की, त्याला एवढा वेळ कशाला?"

अट खरंच एवढीच आहे. पण ती लिहायची रीत दर डेटाबेसागणिक बदलते: कुठे 'केस', कुठे 'डीकोड', कुठे 'आयआयएफ'. रीत चुकून एरर आली तर ते बरंच म्हणायचं, निदान कळतं तरी. एरर न येता चुकीचं उत्तर छापून येतं ते महागात पडतं. या लेखात भर त्यावरच आहे.

एक सूचना आधीच. इथे कोडही देवनागरीत लिहिला आहे. संगणकावर कीवर्ड, फंक्शनं आणि अंक नेहमीसारखे रोमन लिपीत टाइप करा, अवतरणातला मराठी मजकूर मात्र आहे तसा ठेवा.

उदाहरण

दुकान बेळगावचं, म्हणजे जीएसटीचा राज्य कोड २९. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा निम्मा-निम्मा. १८ टक्क्यांच्या मालावर ९ आणि ९. राज्याबाहेर माल गेला तर सगळाच्या सगळा आयजीएसटी. गिऱ्हाईकाच्या जीएसटीआयएनचे (जीएसटी नोंदणी क्रमांकाचे) पहिले दोन अंक हाच त्याचा राज्य कोड. सीमेवरच्या दुकानात ही अट दिवसभर चालते, कारण सकाळचं गिऱ्हाईक बेळगावातल्याच वडगावचं, दुपारचं चंदगडचं आणि संध्याकाळचा ट्रक गोव्यातल्या फोंड्याला.

राज्य कोडाचा वेगळा कॉलम ठेवा, आणि तो मजकूर प्रकारचा ठेवा. काही राज्यांचे कोड शून्याने सुरू होतात, अंक प्रकारात ते शून्य गळून पडतं. जीएसटीआयएनमधून दर वेळी पहिली दोन अक्षरं कापत बसलात तर तिथेही भांडण आहेच: 'लेफ्ट' ओरॅकल आणि एसक्यूलाइटमध्ये नाही, 'सबस्टर' एसक्यूएल सर्व्हरमध्ये नाही.

पायरी १: शॉर्टकट बाजूला ठेवा, केस लिहा

मायएसक्यूएलवर शिकलेला माणूस 'इफ(अट, हे, ते)' लिहितो. तीच क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) पोस्टग्रेस या डेटाबेसात टाकली की असं फंक्शनच नाही म्हणून ते परत पाठवतं. पोस्टग्रेसमध्ये 'इफ' नाही आणि 'आयआयएफ'ही नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'आयआयएफ' २०१२ च्या आवृत्तीपासून आलं, आणि आतून ते त्याचं 'केस'च करून चालवतं. एसक्यूलाइटने ते २०२० साली ३.३२ मध्ये घेतलं. ओरॅकलच्या जुन्या लोकांच्या हाताला 'डीकोड' बसलेलं असतं, आणि ॲक्सेसच्या क्वेरीत 'केस' मुळातच नाही, तिथे 'आयआयएफ' किंवा 'स्विच'.

'केस' १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणकात आहे आणि ॲक्सेस सोडलं तर सगळीकडे सारखं चालतं:

```
सिलेक्ट बिल_क्र,
  केस
    व्हेन राज्य_कोड = '२९' देन 'सीजीएसटी + एसजीएसटी'
    एल्स 'आयजीएसटी'
  एंड ॲज कर_प्रकार
फ्रॉम बिले;
```

चार शब्द जास्त टाइप करावे लागतात, ते करा. दुकानदार उद्या डेटाबेस बदलणार नाही अशी हमी कोणी देत नसतं.

'व्हेन'चा क्रम महत्त्वाचा आहे. वरून पहिली जी अट खरी ठरेल तिथेच गाडी थांबते. हुक्केरी तालुक्यात हत्तरगीला विशेष आर्थिक क्षेत्र आहे. तिथल्या युनिटला माल दिला तर गिऱ्हाईकाचा कोड २९ असूनही कायदा तो पुरवठा आंतरराज्य धरतो. त्यामुळे विशेष क्षेत्राची अट २९ च्या अटीच्या वर हवी. खाली लिहिली तर ती कधी तपासलीच जाणार नाही, आणि कुठलाही डेटाबेस तुम्हाला टोकणार नाही.

पायरी २: रिकाम्या जागेचा अर्थ आधी मालकाला विचारा

वरची क्वेरी दिसायला निर्दोष आहे. आता काउंटरवर आलेलं गिऱ्हाईक घ्या. जीएसटी नोंदणी नाही, जीएसटीआयएन नाही, म्हणून राज्य_कोड नल, म्हणजे तिथे किंमतच भरलेली नाही. 'नल = २९' याचं उत्तर खरं नाही आणि खोटंही नाही, ते 'माहीत नाही'. 'केस'ला खरं सोडून दुसरं काही चालत नाही, म्हणून ती ओळ थेट 'एल्स'मध्ये पडते. वडगावच्या माणसाने दुकानात उभं राहून घेतलेल्या मालावर आयजीएसटी लागला! ॲक्सेस सोडून पाचही डेटाबेस हेच करतात, एकमताने, एररशिवाय. पुढे चुकीच्या सदरात भरलेला कर योग्य सदरात पुन्हा भरा आणि आधीचा परत मागा, हा सीए आणि मालक दोघांच्याही डोक्याला ताप.

म्हणून 'एल्स'ला कामाची शाखा करू नका. 'एल्स' म्हणजे 'मला कळलं नाही, माणसाने बघावं':

```
केस
  व्हेन विशेष_क्षेत्र = 'हो' देन 'आयजीएसटी'
  व्हेन राज्य_कोड = '२९' देन 'सीजीएसटी + एसजीएसटी'
  व्हेन राज्य_कोड इज नॉट नल देन 'आयजीएसटी'
  व्हेन विक्री = 'काउंटर' देन 'सीजीएसटी + एसजीएसटी'
  एल्स 'तपासा'
एंड
```

पत्ता न लिहिता काउंटरवर केलेल्या विक्रीत पुरवठ्याचं ठिकाण दुकानाचंच राज्य, म्हणून चौथी ओळ. ट्रान्स्पोर्टने गेलेला माल आणि राज्याची नोंद नाही, असं बिल 'तपासा'त जाईल. ते तिथेच जायला हवं.

नल एकटा नसतो, त्याचे भाऊबंदही येतात. कोणी कॉलम रिकाम्या मजकुराने भरतं, कोणी दोन स्पेस मारतं. तिघांना एका ओळीत आणायचं ते असं:

```
नलिफ(ट्रिम(राज्य_कोड), '') इज नल
```

'नलिफ' दोन्ही किमती सारख्या असल्या तर नल देतं. ओरॅकलमध्ये रिकामा मजकूर हाच नल मानला जातो, त्यामुळे तिथे 'राज्य_कोड = '''' ही तुलना कधीच खरी होत नाही. मायएसक्यूएलवरून ओरॅकलवर आणलेली अशी अट मुकाट्याने मरून पडते. वरची नलिफवाली ओळ मात्र ओरॅकलमध्येही बरोबर उत्तर देते. कडेच्या स्पेस कापणारं 'ट्रिम' एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१७ पासून आहे, त्याआधीच्या आवृत्तीत 'एलट्रिम(आरट्रिम(...))'.

आणखी एक सापळा 'केस'च्या छोट्या रूपात आहे:

```
केस राज्य_कोड व्हेन नल देन 'नोंदणी नाही' ... एंड
```

ही शाखा जन्मात कधी लागणार नाही, कारण आत बरोबरचीच तुलना आहे. ओरॅकलचं 'डीकोड' मात्र दोन नल सारखे धरतं. म्हणजे ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जाताना 'डीकोड(राज्य_कोड, नल, ...)' या ओळीचं शब्दाला शब्द ठेवून छोटं केस केलंत तर उत्तर बदललं. अशा जागी नेहमी 'केस व्हेन राज्य_कोड इज नल' असं लांब रूप लिहा. स्थलांतराच्या कामात मी पहिला शोध 'डीकोड' या शब्दाचाच घेतो.

पायरी ३: पर्यायी किंमत द्यायची तर कोअलेस

रिकामं असेल तर अमुक धर, एवढ्यासाठी ओरॅकलमध्ये 'एनव्हीएल', मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये 'इफनल', एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'इजनल', ॲक्सेसमध्ये 'एनझेड'. पोस्टग्रेसमध्ये यातलं एकही नाही. 'कोअलेस' (सी-ओ-ए-एल-ई-एस-सी-ई) मात्र ॲक्सेस सोडून सगळीकडे आहे, आणि त्यात दोनपेक्षा जास्त पर्याय देता येतात:

```
कोअलेस(नलिफ(ट्रिम(पुरवठा_राज्य), ''),
       नलिफ(ट्रिम(राज्य_कोड), ''))
```

'इजनल'ची गोष्ट थोडी थांबून बघण्यासारखी आहे. मायएसक्यूएलमध्ये याच नावाचं फंक्शन एकच किंमत घेतं आणि १ किंवा ० देतं, म्हणजे नाव तेच आणि काम भलतंच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते दोन किमती घेतं, पण उत्तराचा प्रकार आणि लांबी पहिल्या किमतीची ठेवतं. राज्य_कोड दोन अक्षरांचा एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) आहे आणि तुम्ही 'इजनल(राज्य_कोड, एन'माहीत नाही')' लिहिलंत, तर अहवालात फक्त 'मा' छापून येतं. म आणि काना, झाली दोन अक्षरं. बाकीचं कापलं आणि कुठे सूचनाही नाही. 'कोअलेस' तिथे पूर्ण मजकूर देतं.

'ग्रेटेस्ट' आणि 'लीस्ट' (दिलेल्या किमतींतली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान) वापरणार असाल तर तिथेही नल बघा. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर (२०२२ पासून) नलकडे दुर्लक्ष करून उरलेल्यांतून निवडतात, मायएसक्यूएल आणि ओरॅकल एक जरी नल असला तरी नलच देतात.

पायरी ४: सगळ्या शाखांतून एकाच जातीचा माल बाहेर काढा

मालकाला हवं असतं: भाडं असेल तर आकडा दाखवा, नसेल तर 'फुकट' लिहा.

```
केस व्हेन भाडे > ० देन भाडे एल्स 'फुकट' एंड
```

पोस्टग्रेस आणि ओरॅकल ही क्वेरी दारातूनच परत पाठवतात. एसक्यूएल सर्व्हर ती घेतं, आणि अंकाचा मान मजकुरापेक्षा मोठा धरून 'फुकट'चा आकडा करायला जातं. पहिलं फुकट बिल येईपर्यंत सगळं सुरळीत. चाचणीच्या डेटात तसं बिल नसेल तर एरर गिऱ्हाईकासमोर फुटते. मायएसक्यूएल सगळ्याचा मजकूर करून मोकळं होतं, मग क्रम लावताना १००० हे २०० च्या आधी येतं.

उपाय कंटाळवाणा पण पक्का: दोन्ही शाखांना 'कास्ट' लावून एका प्रकारात आणा. त्याहून चांगलं म्हणजे क्वेरीतून आकडाच बाहेर काढा आणि 'फुकट' हा शब्द छापणाऱ्या प्रोग्रॅमवर सोडा. अहवालाची सजावट क्वेरीत करण्याची सवय आपल्याकडे फार आहे, ती सोडलेली बरी.

पायरी ५: मराठी मजकुराची तुलना

इंग्रजी पुस्तकांत ही पायरी सापडणार नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'व्हेन गाव = 'निपाणी'' असं नुसतं लिहिलं तर, यूटीएफ-८ कोलेशन (मजकूर साठवण्याचे आणि जुळवण्याचे नियम) नसलेल्या डेटाबेसात त्या मजकुराची प्रश्नचिन्हं होतात आणि अट कधी जुळत नाही. अवतरणाआधी एन लावा: एन'निपाणी'. कॉलमही एनव्हारचार हवा. मायएसक्यूएलमध्ये कॅरेक्टर सेट 'यूटीएफ८एमबी४' ठेवा.

दुसरा त्रास डोळ्यांना दिसत नाही. 'कऱ्हाड' या नावातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट बाइट जुळवून बघतात, म्हणून त्यांच्या लेखी ही दोन वेगळी गावं. पोस्टग्रेसमध्ये १३ पासून 'नॉर्मलाइझ' आहे, पण ते अदृश्य जोडचिन्ह काढत नाही. डेटा आत घेतानाच 'रिप्लेस'ने एक रूप ठरवून टाका.

अंकांचंही तसंच. टायपिस्टने राज्य कोड देवनागरी अंकांत भरला तर रोमन अंकांतल्या कोडाशी तो जुळत नाही. आकड्यात बदलायला गेलात तर पोस्टग्रेस एरर देतं, मायएसक्यूएल त्याचं शून्य करतं. ओरॅकल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये (२०१७ पासून) 'ट्रान्सलेट' आहे, त्याने दहाही अंक एका फटक्यात बदलता येतात.

आता गावांची नावं. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, आणि तुमच्या टेबलात बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम, शिवाय कन्नड आणि इंग्रजी लिपीतली रूपं असं सगळं गुण्यागोविंदाने नांदत असतं. यासाठी वीस 'व्हेन'चं 'केस' लिहू नका. 'गाव_नावे' असं दोन कॉलमचं टेबल करा, एका बाजूला लिहिलेलं रूप, दुसऱ्या बाजूला ठरलेला कोड, आणि 'लेफ्ट जॉइन' करा, म्हणजे सगळी बिलं ठेवून ज्याला जुळेल त्याला ती ओळ जोडा. नवं रूप सापडलं की टेबलात ओळ वाढवायची, क्वेरीला हात लावायचा नाही. 'केस' नियमासाठी आहे, यादीसाठी नाही. पाचापेक्षा जास्त 'व्हेन' दिसले की मी टेबल करतो. शिवाय एसक्यूएल सर्व्हर एकात एक फक्त १० पातळ्यांपर्यंतच 'केस' घालू देतं आणि ओरॅकलच्या 'डीकोड'मध्ये २५५ घटकांची मर्यादा आहे. त्या मर्यादेला जाऊन धडकलात तर दोष मर्यादेचा नाही.

पायरी ६: अटीनुसार बेरीज आणि मोजणी

महिनाअखेरीचा अहवाल: कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा अशा तीन उभ्या रकान्यांत विक्री.

```
सिलेक्ट
  सम(केस व्हेन राज्य_कोड = '२९' देन रक्कम एल्स ० एंड) ॲज कर्नाटक,
  सम(केस व्हेन राज्य_कोड = '२७' देन रक्कम एल्स ० एंड) ॲज महाराष्ट्र,
  सम(केस व्हेन राज्य_कोड = '३०' देन रक्कम एल्स ० एंड) ॲज गोवा,
  सम(रक्कम) ॲज एकूण
फ्रॉम बिले;
```

'एकूण'चा रकाना मुद्दाम आहे. तिन्हींची बेरीज एकूणपेक्षा कमी आली की फरक नल कोडांचा किंवा चौथ्या राज्याचा.

मोजणी करताना 'काउंट(केस व्हेन ... देन १ एल्स ० एंड)' लिहू नका. 'काउंट' नल सोडून सगळं मोजतं आणि शून्य म्हणजे नल नव्हे, त्यामुळे सगळ्या ओळी मोजल्या जातात. एकतर 'एल्स' काढा किंवा 'सम' वापरा. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये 'सम(राज्य_कोड = '२७')' एवढंही चालतं, कारण तिथे खरं-खोटं म्हणजे १ आणि ०. पोस्टग्रेसमध्ये खरं-खोट्याचा प्रकार वेगळा असल्याने त्याची बेरीज होत नाही. तिथे ९.४ पासून 'फिल्टर (व्हेअर ...)' आहे आणि वाचायला ते फार सुरेख आहे. क्वेरी कायम पोस्टग्रेसवरच राहणार असेल तर खुशाल वापरा.

पायरी ७: भागाकार

पोत्यामागे खर्च काढताना 'खर्च / पोती' लिहिलं आणि पोती शून्य असतील तर पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर एरर देतात. मायएसक्यूएलचं 'सिलेक्ट' आणि एसक्यूलाइट नल देऊन पुढे जातात. 'खर्च / नलिफ(पोती, ०)' लिहिलं की सगळीकडे नल. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं तर ५ भागिले २ हे मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये २.५, बाकी तिघांत २. एक बाजू १.० ने गुणून घ्या.

'केस'ने भागाकाराचं रक्षण होईल या भरवशावर मात्र पूर्ण विसंबू नका:

```
केस व्हेन मिन(पोती) > ० देन ॲव्हरेज(खर्च / पोती) एंड
```

पोस्टग्रेसमध्ये हे फुटू शकतं. 'मिन', 'ॲव्हरेज' यांसारखी गटाची गणितं आधी होतात, 'केस'चा निवाडा नंतर. तोवर शून्याने भागून झालेलं असतं. (सरासरीचं फंक्शन टाइप करताना फक्त ए-व्ही-जी.) 'नलिफ' आत, भागाकाराजवळच हवा.

पायरी ८: क्रम आणि गट

चढत्या क्रमात नल ओळी पोस्टग्रेस आणि ओरॅकल शेवटी टाकतात, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट आधी. वसुलीची यादी तारखेने लावली की हे जाणवतं. सगळीकडे चालेल असं:

```
ऑर्डर बाय केस व्हेन देय_तारीख इज नल देन १ एल्स ० एंड, देय_तारीख
```

'ग्रुप बाय'मध्ये 'कर_प्रकार' हे टोपणनाव एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकलच्या २३ च्या आधीच्या आवृत्त्या ओळखत नाहीत. पूर्ण 'केस' पुन्हा लिहा, किंवा आतली क्वेरी करून बाहेर गट पाडा. मी दुसरं करतो, कारण तेच 'केस' दोन जागी लिहिलं की पुढच्या दुरुस्तीत एकच बदललं जातं.

पायरी ९: एक छोटं चाचणी टेबल कायम जवळ ठेवा

खऱ्या डेटावर चाचणी घेऊन या चुका सापडत नाहीत. 'चाचणी_बिले' असं टेबल करा आणि त्यात मुद्दाम वाकड्या ओळी भरा: कोड २९, कोड २७, नल, रिकामा मजकूर, दोन स्पेस, मागे स्पेस लागलेला २९, देवनागरी अंकांतला २९, शून्याने सुरू होणारा कोड, विशेष क्षेत्रातला २९, काउंटरची विक्री, ट्रान्स्पोर्टची विक्री पण राज्य नाही, भाडं शून्य, पोती शून्य, आणि दोन्ही तऱ्हांनी टाइप केलेलं कऱ्हाड. प्रत्येक ओळीसमोर 'अपेक्षित' नावाचा कॉलम ठेवून त्यात बरोबर उत्तर मालक किंवा सीएकडून विचारून भरा. मग:

```
सिलेक्ट * फ्रॉम (तुमची क्वेरी) ट
व्हेअर ट.कर_प्रकार <> ट.अपेक्षित
   ऑर ट.कर_प्रकार इज नल;
```

शेवटची ओळ विसरू नका. 'केस'ला 'एल्स' नसेल तर उत्तर नल येतं, आणि '<>' नल ओळींना पकडत नाही.

हे टेबल ज्या आवृत्तीवर दुकान चालतं त्याच आवृत्तीवर चालवा, आपल्या लॅपटॉपवरच्या नव्या आवृत्तीवर नव्हे. मोबाइल ॲपच्या बाबतीत तर फोनच तपासावा लागतो, कारण एसक्यूलाइटची आवृत्ती अँड्रॉइडबरोबर येते. अँड्रॉइड ११ मध्ये ती ३.२८ आहे, म्हणजे तिथे 'आयआयएफ' नाही आणि बेरजेवरचं 'फिल्टर'ही नाही. वसुलीला खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा तसलाच जुना फोन असतो.